कर्ज देशाचं, काटकसर कुणाची?

आमच्या वस्तीतल्या बचत गटाची बैठक म्हणजे अर्धा वेळ हप्ते आणि अर्धा वेळ गप्पा. मध्यंतरी अशाच एका बैठकीत एका मावशींनी विचारलं, “ताई, अमेरिकेवर पण कर्ज आहे म्हणे. नातवाच्या मोबाइलवर ऐकलं. मग त्यांच्या दारात वसुलीला कोण येतं?” सगळ्याजणी हसल्या. हसण्याला कारण होतं. मायक्रोफायनान्सची माणसं संध्याकाळी दारात येऊन बसतात आणि हप्ता मिळेपर्यंत उठत नाहीत, हे त्यातल्या निम्म्याजणींनी अनुभवलेलं आहे.

मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारवरचं कर्ज ३८ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. एवढ्या कर्जाची वसुली कुणाकडून तरी होतच असणार. उत्तर शोधता शोधता मी त्या देशातल्या रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरींपाशी जाऊन पोचले. आपल्याकडे उमेदवार वरून ठरतो. तिथं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी प्रत्येक पक्ष राज्याराज्यांत मतदान घेऊन आपला उमेदवार निवडतो, त्याला प्रायमरी म्हणतात. आणि परंपरावादी मतदारांसमोर उभं राहायचं तर कर्ज आणि महागाई हे दोन विषय आरतीसारखे म्हणावेच लागतात.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडते, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. घरात जेवढं येतं तेवढंच खर्चावं, कर्ज काढून सण करू नये, नाहीतर ते नातवंडांच्या डोक्यावर बसतं. देशाचंही तसंच. सरकार कमाईपेक्षा जास्त पैसा वाटत सुटलं की बाजारात पैसा जास्त, माल कमी, आणि भाव चढतात. महागाई हा न सांगता लावलेला कर आहे, आणि तो गरिबाला सगळ्यात जास्त बसतो. आता यातलं शेवटचं वाक्य आपल्यापैकी कोण नाकारेल? २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, चाळीस वर्षांतला सगळ्यात जास्त. त्याला करोनानंतरचा विस्कळीत पुरवठा कारण होता, युक्रेनचं युद्ध कारण होतं, आणि बायडेन सरकारने २०२१ च्या मार्चमध्ये मंजूर केलेलं १.९ लाख कोटींचं पॅकेजही काही अंशी कारण होतं. लॅरी समर्ससारख्या डेमोक्रॅटिक गोटातल्याच अर्थतज्ज्ञाने तेव्हा तसा इशारा दिला होता. कर्जाचं व्याजही खोटं नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचं व्याज संरक्षणखर्चापेक्षा जास्त झालं. तेव्हा कर्ज म्हणजे उजव्यांनी उठवलेली आवई, असं म्हणून मला सुटता येणार नाही.

माझं भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. काटकसर करायची ठरली, की ती कुणाच्या ताटातून?

दोन दृश्यं सांगते. पहिलं ११ ऑगस्ट २०११ चं, आयोवा राज्यातल्या एम्स गावातलं. २०१२ च्या प्रायमरीसाठी आठ उमेदवार मंचावर होते. त्यांना विचारलं गेलं, दहा डॉलर खर्चकपात आणि तिच्या बदल्यात फक्त एक डॉलर करवाढ, असा करार समोर आला तर कोण कोण तो धुडकावेल? आठही हात वर गेले. त्यातला एक हात मिशेल बाखमन यांचा, मंचावरच्या एकमेव बाईचा. ज्याला खरोखर कर्ज फेडायचंय तो दहाला एक हा भाव नाकारेल का हो? आमच्या गटातली एकही बाई नाकारणार नाही.

मग हात का वर गेले? त्याला इतिहास आहे. थोरल्या जॉर्ज बुश यांनी १९८० च्या प्रायमरीत रेगन यांच्या करकपातीच्या योजनेला चक्क जादूटोण्याचं अर्थशास्त्र म्हटलं होतं. रेगन जिंकले, आणि त्यांच्या आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. पुढे बुश स्वतः नवे कर लावणार नाही असं वचन देऊन १९८८ मध्ये निवडून आले. १९९० मध्ये तूट पाहून त्यांनी कर वाढवले, म्हणजे घरातल्या जबाबदार माणसाने करावं तेच केलं. त्याचं बक्षीस काय? १९९२ च्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत पॅट ब्युकॅनन यांनी पदावर असलेल्या अध्यक्षाविरुद्ध ३७ टक्के मतं खेचली, आणि नोव्हेंबरात बुश हरले. तेव्हापासून त्या पक्षात कर्ज कमी करण्याच्या बाता मारायच्या, पण वरच्यांचा कर वाढवून नाही, हा नियमच होऊन बसला. डेमोक्रॅटही धुतल्या तांदळाचे नाहीत. ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत कर्जात जवळजवळ आठ लाख कोटींची भर पडली, आणि बायडेन यांच्या चार वर्षांत आठ लाख कोटींहून जास्त.

एम्सच्या त्या आठ हातांतला आणखी एक हात हर्मन केन यांचा होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत हॉटेलात वाढपकाम करणाऱ्यांना, ज्यांत बहुसंख्य बायका आहेत, मालकाने द्यायची किमान मजुरी वेगळी आणि कमी असते. बाकीची कमाई गिऱ्हाइकाच्या टिपमधून व्हायची. केंद्रीय कायद्यातला हा दर आहे तासाला २ डॉलर १३ सेंट. तो १९९१ पासून तोच आहे! १९९६ मध्ये इतरांची किमान मजुरी वाढली तेव्हा हा दर मात्र त्या वाढीपासून तोडून जागच्या जागी गोठवला गेला. त्यासाठी जोर लावणाऱ्या हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे तेव्हाचे प्रमुख होते हेच केनसाहेब. काही राज्यांनी आपापले दर वाढवले आहेत, आणि टिप कमी पडली तर मालकाने भर घालावी असंही कायदा म्हणतो. पण ती भर मागायची कुणी, त्याच मालकाकडे उद्या पुन्हा कामाला जायचं असताना? महागाईला चोर म्हणणारे लोक चोराला कुठल्या घराचं दार उघडं ठेवतात, ते इथं दिसतं.

१९९६ हे साल तिथल्या गरीब आयांसाठी आणखी एका कारणाने वाईट. त्याची सुरुवात वीस वर्षं आधी, १९७६ च्या प्रायमरीत झाली. रेगन तेव्हा गावोगाव शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत. ऐंशी नावं घेऊन ती सरकारी मदत लाटते, वर्षाला दीड लाख डॉलर करमुक्त कमावते, वगैरे. त्या बाईविरुद्ध कोर्टात सिद्ध झालेली रक्कम होती सुमारे ८ हजार डॉलर. पण मदत घेणारी बाई म्हणजे आळशी आणि लबाड, त्यातही काळी, हे चित्र मनात पक्कं बसलं ते बसलंच. शेवटी १९९६ च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन संसदेने केलेल्या कायद्यावर डेमोक्रॅटिक अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली, आणि गरीब मुलांच्या आयांना मिळणारा रोख मदतीचा हक्क संपला. त्याजागी राज्यांना वर्षाला ठोक साडेसोळाशे कोटी डॉलर, आणि केंद्राच्या पैशातून एका कुटुंबाला आयुष्यात पाचच वर्षं मदत. ही ठोक रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची तरतूदच नव्हती. आजही आकडा तिथंच आहे, आणि त्याची खरी किंमत जवळजवळ निम्मी झाली आहे. १९९६ साली मुलं असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना ही मदत पोचत होती, २०२० मध्ये २१ कुटुंबांना. कुणी हात वर केला नाही, कुणी मतदान केलं नाही, मदत आपोआप झिजत गेली.

उलट प्रयोगही झाला. २०२१ च्या जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत सरकारने बहुतेक घरांना लहान मुलामागे महिन्याला ३०० डॉलर, मोठ्या मुलामागे २५० डॉलर पाठवले. बालदारिद्र्याचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं. योजना गुंडाळली, आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झालं. ती पुढे चालू ठेवायला सगळे रिपब्लिकन सिनेटर विरोधात होते, आणि डेमोक्रॅट जो मॅनचिन त्यांच्या बाजूला. कारणं नेहमीचीच, कर्ज वाढेल, महागाई वाढेल, आया काम सोडतील.

आता दुसरं दृश्य. २३ ऑगस्ट २०२३, विस्कॉन्सिनमधलं मिलवॉकी शहर. पुन्हा आठ उमेदवार, पुन्हा एकच बाई, निकी हेली. ट्रम्प आलेच नव्हते. हेलीबाईंनी मात्र आपल्या माणसांना खडे बोल सुनावले. सगळं बायडेनवर ढकलू नका, कर्ज आपल्याही पक्षाने केलंय, ट्रम्प यांनी आठ लाख कोटींची भर घातली, असं त्या सरळ बोलल्या. वर मार्गारेट थॅचर यांचा दाखलाही दिला. आपल्याकडे हेलीबाई भारतीय वंशाच्या म्हणून कौतुक झालं, आणि खरं सांगते, ते ऐकताना मलाही बरं वाटलं. सात पुरुषांमध्ये एक बाई हिशोबाची वही उघडून बसली होती. पण वहीतून त्यांनी काढलेला उपाय कोणता? आज विशीत असलेल्यांचं निवृत्तीचं वय वाढवायचं. कचेरीतल्या माणसाला ते जमेल. हॉस्पिटलात म्हाताऱ्यांची अंगं पुसणाऱ्या, हॉटेलात गाद्या उचलणाऱ्या बाईचे गुडघे तोवर टिकतील का? बाई मंचावर गेली म्हणजे बायकांचा हिशोब मंचावर गेला असं होत नाही, हे आपण आपल्या ग्रामपंचायतीतही पाहिलंय आणि दिल्लीतही.

तरी गंमत अशी, की ही कपात रिपब्लिकन मतदारांनाही नको होती. ट्रम्प यांनी पेन्शनला हात लावणार नाही असं सांगितलं आणि ते जिंकले. कारण प्रायमरीला मतदान करतात ते बहुतांशी वयस्कर लोक. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात हाडं गोठवणारी थंडी होती. तिथली पद्धत अशी की संध्याकाळी सात वाजता स्वतः सभेला हजर राहायचं. सुमारे १ लाख १० हजार लोक आले. त्या वेळी पोराला घरी ठेवून, हॉटेलातली पाळी सोडून कोणती आई गेली असेल? मग ज्यांची मतं लागतात त्यांची पेन्शन वाचली, आणि कात्री फिरली ती मेडिकेडवर आणि फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांच्या दवाखान्यावर आणि रेशनवर.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात हे सगळं आहे. गरिबांच्या योजनांत मोठी कपात आहे, आणि तरीही, त्यांच्याच संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार, दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटींनी वाढणार आहे, कारण करसवलती त्याहून मोठ्या आहेत. सुमारे एक कोटी लोकांचा आरोग्यविमा जाईल असाही अंदाज आहे. २०१६ चे प्रायमरी उमेदवार रँड पॉल यांनी कर्जमर्यादा वाढवायला नको म्हणून विरोधात मत दिलं, तेवढा त्यांचा प्रामाणिकपणा मानायला हवा. मिलवॉकीच्या मंचावरचे टिम स्कॉट यांनी बाजूने दिलं.

या कायद्यातल्या दोन अटी वाचून मी थांबले. फूड स्टॅम्प हवे असतील तर पूर्वी घरात अठराखालचं मूल असलेल्या आईला कामाच्या अटीतून सूट होती. आता मूल चौदा वर्षांचं झालं की सूट संपली. आणि मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा, १ जानेवारी २०२७ पासून. पुरावा द्यायचा म्हणजे काय होतं, ते आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये करून दाखवलंय. तेव्हा तिथले गव्हर्नर होते एसा हचिन्सन, तेही मिलवॉकीच्या आठांतले एक. कामाचे तास संगणकावरून कळवायचे होते. काही महिन्यांत १८ हजारांवर लोकांची नावं कटली, आणि त्यांतले कितीतरी काम करत होते. अभ्यासकांना रोजगार वाढलेला दिसला नाही. २०१९ च्या मार्चमध्ये कोर्टाने ती योजना थांबवली. आता तीच देशभर येते आहे.

मी स्वतः दिवसातले चार तास बायकांचे फॉर्म भरण्यात घालवते, म्हणून हे मला जास्त बोचलं असेल. आपल्याकडेही ‘लाडकी बहीण’ २०२४ च्या निवडणुकीआधी सुरू झाली तेव्हा कर्ज कुणाला आठवलं नाही. निवडणूक झाली, राज्याचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेल्याची चर्चा सुरू झाली, आणि मग ई-केवायसी आलं. त्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार. नवऱ्याने टाकलेल्या बाईने ते कुठून आणायचं, हा प्रश्न मी त्या महिन्यांत कितीदा ऐकला याची गणती नाही.

पुढच्या बैठकीत मी मावशींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सांगायला गेले. आर्कान्साची गोष्ट सांगितली. कामाचे तास कळवायची ती वेबसाइट रोज रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायची, हेही सांगितलं. मावशी हप्त्याची नोंद करत होत्या. पेन थांबवून म्हणाल्या, “नवाला बंद? मग ती बाई कामावरनं घरी यायची तरी किती वाजता?”