छाया आणि प्रकाश

वस्तूची बाह्यरेखा पूर्ण होताच पेन्सिल आडवी धरून तिची एक बाजू काळी करण्याची घाई तुमच्यापैकी पुष्कळांना होते. प्रकाश कोणीकडून येत आहे, हे मात्र पाहावयाचे राहून जाते. माझ्या मते चित्रातील निम्मे दोष येथेच जन्मतात. छाया ही प्रकाशाची कन्या होय; आईची ओळख नसता मुलीचे चित्र कसे साधावे?

एकाच खिडकीच्या उजेडात पांढरा चेंडू ठेवा आणि डोळे किंचित मिटून पाहा. उजेडाच्या बाजूस एक तेजस्वी ठिपका दिसेल. पुढे मध्यम छटा आणि नंतर गडद पट्टा. पण त्यापलीकडील कड पुन्हा थोडी उजळते, कारण जमिनीवरून परतलेला प्रकाश तेथे पोहोचतो. चेंडूची पडछाया तो टेकतो तेथे अतिशय गडद असते व दूर जाता जाता फिकी होते. ती उजळ कड काळी केली, की चेंडूची सपाट चकती झालीच म्हणून समजा!

वस्तूगणिक छायेचा स्वभावही बदलतो. पुण्याजवळची आमची भोसरी कारखान्यांची. येथील लखलखीत पोलादी रुळावर पांढरे व काळे पट्टे एकमेकांस खेटून असतात. मातीच्या घागरीवर उजेड हळूहळू मावळतो. दोहोंवर सारखेच बोट चोळणे म्हणजे पोलादाला माती म्हणणे होय.

सावंतवाडीचे थोर चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यांच्या कन्येवरून ते रंगविलेले आहे. एका हाती दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांतून झिरपणारा उजेड मुखावर! चित्रातील सारा अंधार त्या एका ज्योतीचे ऐकतो. जलरंगात उजळ जागा बहुधा कागद राखूनच साधावी लागते. म्हणून कोठे रंगवावयाचे नाही, हे चित्रकाराला आधीच ठरवावे लागते.

कोणी म्हणेल, परीक्षेत इतका वेळ कोठून आणावा? परंतु पाहण्यात घालविलेली पाच मिनिटे खोडण्यात जाणारी वीस मिनिटे वाचवितात. शिवाय वस्तू जशी दिसते तशी मांडणे, हा सत्याचाच अभ्यास आहे. म्हणून पेन्सिल उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा : उजेड कोठून येतो आहे?