‘सामान्य’ ताल कोणाचा?

पाश्चात्त्य संगीतात एका मापात चार ठोके असले, की त्यास ‘कॉमन टाइम’ म्हणतात. स्वरलिपीतील त्याची खूण ‘सी’ या रोमन अक्षरासारखी दिसते, म्हणून ते ‘कॉमन’चे आद्याक्षर असावे असा समज रूढ आहे. वस्तुतः ते अक्षर नव्हे, तुटके वर्तुळ आहे. मध्ययुगीन युरोपात तिनाची विभागणी ‘पूर्ण’ मानून तिला पूर्ण वर्तुळ देत. दोनाची ‘अपूर्ण’, म्हणून तिला तुटके. एके काळी जे अपूर्ण गणले गेले, तेच पुढे सर्वसामान्य ठरले. तालाचे सामान्यत्व निसर्गदत्त नसते. ते रूढीने येते.

मराठी छंदविचाराला हे परके नाही. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’त अष्टमात्रक पद्मावर्तनाशेजारी भृंग, अग्नी आणि हर ही अनुक्रमे सहा, सात आणि पाच मात्रांची आवर्तने नांदतात. ओवी तर मात्रांच्या काटेकोर हिशेबात बसतच नाही. तरीही आज बहुतेक संगणकीय संगीतप्रणाली उघडताच चार ठोक्यांची चौकट समोर येते, आणि आपला कानही हळूहळू तिलाच ताल समजू लागतो.

हा प्रश्न नंदुरबारमध्ये केवळ शास्त्रीय राहत नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक ढोलाच्या साथीने रात्रभर नाचतात. तिथले गाणे पावलापासून सुटे करता येत नाही. अशी भिली वा पावरी गीते संकलित करताना अभ्यासक आठ मात्रांची पट्टी आधीच हाती घेऊन बसला, तर लांबवलेला स्वर त्याला दोष वाटेल, अर्थहीन भासणारे पालुपद भरताड वाटेल, आणि ‘शुद्ध’ संहितेतून नेमके तेच गळेल. पुढच्या पिढीच्या हाती मग उरेल ते गीत नव्हे, आपल्या मोजपट्टीची प्रतिमा.

काही गीते खरोखरच चाराच्या हिशेबात बसतील, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तो चार ऐकून सापडलेला असावा, आधी गृहीत धरलेला नसावा. साहित्याच्या अध्यापकांना आमचे एवढेच सांगणे आहे : विद्यार्थ्याला आधी गाणाऱ्याचे पाऊल ऐकू द्यावे, लघुगुरूच्या खुणा मागाहून कराव्यात.