जामठ्याला कोण जाणार?

रणजी म्हटलं की मुंबई! 42 विजेतेपदं, पैसा, नाव. आपला विदर्भ कित्येक वर्षं नुसता यादीपुरता. मग 2017-18 ला इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीला हरवलं (गुरबानीची हॅटट्रिक आठवते ना?), पुढच्याच वर्षी परत कप. 2024 च्या फायनलला वानखेडेवर मुंबईनं 169 धावांनी लोळवलं. 2025 ला सेमीफायनलमध्ये जामठ्यालाच आपण तिला 80 धावांनी घरी पाठवलं, अन् तिसरा कपही घेतला.

तरी होस्टेलच्या टीव्हीसमोर मुंबई इंडियन्ससाठी घसा बसवणारे आपणच. काहून रे भाऊ? आयपीएल मीही बघतो. पण श्रीमंताच्या बाजूनं ओरडायला काय लागतं? विदर्भाच्या विकेटी पडत असताना उन्हात बसून दाखवा. पुढच्या सीझनला एक रविवार मेसची फीस्ट सोडा, वर्धा रोडनं जामठा गाठा. रणजीच्या लीग मॅचला जागा भरपूर असते.