बेंजोवाल्यांची ध्वनिमुद्रिका

लोकसंगीत आणि रॉक यांचा संगम म्हटला की आपल्या कट्ट्यावर ठरावीक नावे निघतात. अमेरिकेतल्या 'द बर्ड्‌स'चा जून १९६५ मधला पहिला अल्बम. आणि आपल्याकडे दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चा १९९३ मधला. ही नावे घेणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. परंतु प्रभादेवीत राहून, दर भाद्रपदात आपल्याच खिडकीखालून जाणारा असाच एक वाद्यवृंद आपल्याला ऐकू येऊ नये, याचे नवल वाटते. मी बेंजो पार्टीविषयी बोलतो आहे.

हा बेंजो म्हणजे वस्तुतः बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरी गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' हे तंतुवाद्य तयार केले; त्याचेच हे भारतीय भावंड. आपल्याकडच्या वादकांनी त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायरची जोड दिली, सोबत ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड घेतले आणि त्यावर कोळीगीते वाजवली. बर्ड्‌सच्या रॉजर मॅग्विनने लोकगीतांना विजेवरची बारा तारांची गिटार जोडली, तेव्हा याहून निराळे काय केले होते?

आमचे काही मित्र म्हणतात, "हे लोक दुसऱ्यांच्याच चाली वाजवतात, त्यात स्वतःचे काय?" आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. बर्ड्‌सच्या त्या अल्बममधल्या बारा गाण्यांपैकी चार बॉब डिलनची होती. अल्बमचे नावही त्याच्याच एका गाण्याचे. चाल उसनी असली तरी ती नाचवण्याची रीत स्वतःची असू शकते. कोळीगीताचा ठेका कुठे रोखायचा, ताशाला केव्हा मोकळे सोडायचे, मिरवणूक चौकात अडली तर तेच कडवे किती वेळा फिरवायचे, हे कुठल्या स्वरलिपीत लिहिलेले नसते.

आमच्या चाळीतला एक वादक दिवसा कुरिअरची पाकिटे वाटतो. त्याला मी विचारले, "तुमची एखादी ध्वनिमुद्रिका आहे का?" तो हसला. "आमची कोण काढणार, भाऊ? सुपारी आली की वाजवायचं. आता तर मंडळं डीजेच सांगतात." मोबाइलवर त्याच्या वादनाच्या चित्रफिती पुष्कळ आहेत. त्यांत मंडळाचे नाव आहे, गल्लीचे आहे, वाजवणाऱ्याचे नाही.

मला वाटते, अल्बमचे खरे मोल इथे आहे. अल्बम म्हणजे नुसते गाण्यांचे बाड नव्हे. हे आम्ही वाजवले, असे नाव घालून सांगणे होय. २०१६ च्या 'बँजो' या मराठमोळ्या वातावरणाच्या हिंदी चित्रपटात असा वादक शोधायला न्यूयॉर्कहून एक तरुणी मुंबईत येते. पडद्यावर ते शोभले. आपल्याला मात्र जिना उतरून खाली जायचे आहे, एवढेच.

तेव्हा माझी एक सूचना आहे. स्नेहसंमेलनाला बाहेरचा वाद्यवृंद बोलावण्यावर आपण जो खर्च करतो, त्यातला काही भाग एका बेंजो पार्टीच्या ध्वनिमुद्रणासाठी ठेवावा. संगीताच्या जाणकार प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, आम्ही विद्यार्थ्यांनी मुलाखती घ्याव्यात, आणि वेष्टनावर प्रत्येक वादकाचे पूर्ण नाव छापावे. ताशावाल्याचेसुद्धा.