आकडा आणि त्याची साक्ष

चाकातील हवेचा जो दाब आपण गाडीधन्यास सांगतो, तो टायर थंड असताना घेतला की तापलेला असताना, आणि ज्या मापकाने घेतला त्याची परीक्षा कधी झाली होती, याची नोंद सोबत नसेल तर त्या आकड्यावर इतबार ठेवणे अनुचित होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दरवाज्याच्या खांबावरील पट्टीत कारखानदाराने दिलेला दाब थंड टायरचा असतो. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली असावी. मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्यास आलेल्या गाडीत 33 च्या जागी 37 पौंड दिसले, म्हणून कारागीर व्हॉल्व दाबून चार पौंड हवा सोडतो, आणि टायर निवाल्यावर तिथे जेमतेम 29 पौंड उरतात. कमी हवेच्या टायरच्या बाजू अधिक वाकतात, वाकण्याने उष्णता वाढते, आणि भरधाव गाडीचा टायर फुटण्याचे मूळ पुष्कळदा याच उष्णतेत असते. तेव्हा सुरक्षिततेच्या सद्‌हेतूने सोडलेली हवा नेमका विपरीत परिणाम घडविते. तापमानाने दाब किती बदलेल याचा हिशेब करताना वातावरणाचा 14.7 पौंड दाब मिळविण्यास विसरू नये: 15 अंशांस 33 असलेला दाब 35 अंशांस 36 च्या किंचित वर जातो.

मापकाची उपेक्षा तर याहून गंभीर आहे. फ्रान्सच्या बूर्दाँ यांनी 1849 साली ज्याचे पेटंट घेतले, त्या मापकात दाब शिरताच सरळ होऊ पाहणारी एक चपटी, वक्र नळी असते. मापक फरशीवर आपटले की ही नळी किंवा काट्याची नाजूक दातेरी चाके बिघडतात, पण काटा मात्र पूर्वीच्याच ऐटीत फिरत राहतो. शिवाय अचूकता पूर्ण मापाच्या टक्केवारीत सांगितलेली असल्यास, 200 पौंडांच्या तबकडीवर दोन टक्के म्हणजे चार पौंडांची चूक, तर 60 पौंडांच्या तबकडीवर सव्वा पौंडाहूनही कमी. मोटारीसाठी दुसरीच घ्यावी.

प्रत्येक गॅरेजने एक उत्तम मापक कपाटात कुलूपबंद ठेवावे, वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून त्याचा दाखला घ्यावा, आणि रोजच्या वापरातील मापके दर आठवड्यास त्याच्याशी ताडून जो फरक आढळेल तो चिठ्ठीवर लिहून प्रत्येकास बांधावा. जॉबकार्डावर ‘थंड’ किंवा ‘गरम’ हा शब्द आकड्याशेजारी असल्यावाचून कार्ड दप्तरी दाखल करू नये. टायर तापलेला असेल तर हवा सोडू नये. गाडीधन्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी उन्हात येण्यापूर्वी, पुन्हा बोलवावे आणि त्या तपासणीचे पैसे घेऊ नयेत.