यंत्र आपले, प्रवेश परका

पंधरा-वीस माणसांच्या पतसंस्थेत सर्व्हर बसवायचा ठरला, की कार्यकारिणी यंत्राची किंमत मंजूर करते, प्रणालीचा परवाना मंजूर करते आणि विषय संपला असे समजते. वस्तुतः खर्चाचा दुसरा अध्याय तेथूनच सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या नेहमीच्या एकरकमी खरेदीत मूळ परवाना प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येवर, किमान 16 कोअर धरून, आकारला जातो. त्याने सर्व्हर चालविण्याचा अधिकार मिळतो. सर्व्हरवरील फायली वा छपाईची सेवा वापरण्यासाठी मात्र प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा प्रत्येक उपकरणामागे 'क्लायंट अॅक्सेस लायसन्स', म्हणजे प्रवेश-परवाना, निराळा घ्यावा लागतो.

यातील हिशेब प्रत्येक चिटणिसाने स्वतः करून पाहावा. समजा, दोन पाळ्यांत मिळून 12 कर्मचारी 6 संगणकांवर काम करतात. तेथे उपकरणामागे 6 परवाने पुरतात; माणसामागे 12 लागतील. उलट, 4 अधिकारी प्रत्येकी संगणक, लॅपटॉप व मोबाइल वापरत असतील, तर माणसामागे 4 पुरतात आणि उपकरणामागे 12 होतात. दोन्ही प्रकार एकत्र ठेवता येतात. मात्र दूरस्थ डेस्कटॉपसाठी आणखी एक परवाना लागतो; आणि वेगळा देखभाल-करार नसेल, तर 2019 चे प्रवेश-परवाने 2022 च्या सर्व्हरला चालत नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. सामान्य प्रवेश-परवान्यांची संख्या सर्व्हर स्वतः तपासून कोणाला अडवीत नाही. परवाने 10 असले तरी अकरावा माणूस विनातक्रार जोडला जातो. कमतरता उघड होते ती हिशेब मागितला जातो तेव्हा, आणि दोष येतो तो संस्थेवर. दरपत्रकात या बाबीचा उल्लेखही न करणारा विक्रेता नामानिराळा राहतो.

आपल्या वस्तूची किंमत ठरविण्याचा कंपनीला अधिकार आहे, असे कोणी म्हणेल. तो मान्य केला तरी, ही आकारणी तंत्राची अपरिहार्य गरज नव्हे, हे ध्यानात घ्यावे. याच कंपनीची 'एसेन्शियल्स' आवृत्ती 25 वापरकर्ते व 50 उपकरणांपर्यंत प्रवेश-परवाना मागत नाही. माणसे मोजायची की नाही, हा निखळ व्यापारी निर्णय आहे.

पर्यायही आहे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 साली आरंभिलेला 'सांबा' हा मुक्त प्रणालीसंच विंडोज संगणकांना फायली व छपाई पुरवितो. 2012 च्या चौथ्या आवृत्तीपासून तो वापरकर्त्यांची मध्यवर्ती व्यवस्थाही सांभाळतो. या वाटेवरही अडथळे होतेच. विंडोजशी जुळवून घेण्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा आदेश युरोपीय आयोगाला 2004 मध्ये काढावा लागला. न्यायालयाने तो 2007 मध्ये उचलून धरल्यावर त्याच वर्षाअखेरीस सांबाला ती माहिती मिळाली. भारत सरकारनेही 2015 मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले.

सांबा फुकट चालत नाही; त्याला जाणता माणूस लागतो. परंतु तो पैसा स्थानिक कौशल्याला जातो आणि कर्मचारी वाढला म्हणून वाढत नाही. म्हणून आग्रह दोन गोष्टींचा हवा: प्रत्येक दरपत्रकात प्रवेश-परवान्यांची संख्या व किंमत स्वतंत्र ओळीत असावी, आणि सभासदांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी मुक्त पर्याय तपासल्याविना सर्व्हर-खरेदीचा ठराव करू नये.