छोट्या डब्यात ८०० वॅट: वॉटर कूलिंगने प्रश्न खरंच सुटतो का?

फोन चार्जिंगला लावून गेम खेळलात की काय होतं? फोन तापतो, ब्राइटनेस आपोआप उतरतो, गेम अडखळतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. फोनमध्ये हा मामला जेमतेम काही वॅटचा असतो. आता तोच ८०० वॅटचा करून बघा.

स्वतःच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची हौस आणि गरज, दोन्ही वाढली आहे. पण त्यासाठी लागणारी ग्राफिक्स कार्डं दर पिढीला जास्त वीज खातायत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०९० (२०२०) ३५० वॅटचं होतं, ४०९० (२०२२) ४५० वॅटचं झालं आणि २०२५ मध्ये आलेलं ५०९० थेट ५७५ वॅटचं आहे. जोडीला रायझन ९ ९९५०एक्स घेतला, तर तो पूर्ण लोडवर २३० वॅटपर्यंत जातो. बेरीज ८०५ वॅट. ही जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

पाणी नेमकं काय करतं?

एक लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत हे साधारण साडेतीन हजार पट आहे. म्हणून मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ८०० वॅट उचलूनही ते एका फेरीत ३ अंशांच्या आतच तापतं.

भारी आहे ना? पण गोम इथेच आहे. पाणी उष्णता संपवत नाही, फक्त दुसरीकडे नेतं. ती हवेत सोडायचं काम रेडिएटरचं. ढोबळ हिशेब असा: पंखे शांत ठेवायचे आणि पाणी खोलीपेक्षा १० अंशच जास्त गरम राहू द्यायचं, तर १२० मिमीच्या एका रेडिएटर भागामागे १०० ते १५० वॅट धरा. ८०० वॅटला असे सहा भाग तरी हवेत. १२ लिटरच्या केसमध्ये मुश्किलीने दोन बसतात.

आणि नागपुरात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर पाणी त्याखाली जाणारच नाही.

ॲपलचा धडा

२०१३ चा नळकांड्यासारखा मॅक प्रो आठवतो? दोन ग्राफिक्स कार्डं, प्रोसेसर आणि मध्ये एकच पंखा. पुढे काळ एकाच मोठ्या, जास्त तापणाऱ्या कार्डाचा आला आणि ते त्या आकारात बसेना. २०१७ मध्ये ॲपलने पत्रकारांसमोर हे कबूलही केलं. वॉटर ब्लॉकचंही तसंच असतं: तो ठरावीक कार्डासाठीच बनतो. कार्ड बदललं की ब्लॉक बहुतेक वेळा बाद.

मग करायचं काय?

आधी वॅट कमी करा, मग केस शोधा. कार्डाला ४०० वॅटची मर्यादा घाला. वीज जितकी घटते, त्यामानाने वेग बराच कमी घटतो. प्रोसेसर इको मोडवर टाकून १४० वॅटवर आणा. झाले ५४० वॅट. आता २४० मिमीचे दोन रेडिएटर, म्हणजे चार भाग, प्रत्येकी १३५ वॅट. हिशेब जुळला. केस थोडी मोठी होईल, पण मशीन दिवसभर चालेल.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. लूपमध्ये तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं, तर ॲल्युमिनियम गंजत जातं. आणि ५७५ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे जवळपास ४८ अँपिअर. ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी २०२२ मध्ये जगभर गाजल्या होत्या. त्यामुळे झाकण लावायच्या नादात केबल कनेक्टरपाशीच मुडपू नका, निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्या.

थोडक्यात काय, केस किती छोटी करायची हे तुमची आवड नाही, रेडिएटर ठरवतो. खरेदीला निघण्याआधी कागदावर वॅटची बेरीज करा.